वाडीतली कासवीण

सकाळी सव्वानऊला श्रीपतकाकांचा फोन आला तेव्हा रीमा विरारच्या फुलपाड्यातल्या आपल्या दवाखान्यात एका बोक्याचा कान साफ करत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"डॉक्टरबाई, कासव आलाय. रॉबर्टच्या जाल्यात घावला. माझे वाडीत आनून ठेवलाय."

"जिवंत आहे?"

"मना वाटतं मेलाय. रॉबर्ट म्हनतो नाय मेला. पन बाई, पोटात अंडी हायत. मी हात लावून बघितला."

रीमाने बोक्याच्या मालकिणीला उद्या यायला सांगितलं, पिशवी भरली आणि स्कूटर काढली. विरारहून वसईजवळच्या होळी गावात पोहोचायला तिला पाऊण तास लागला. वाटेत प्रत्येक सिग्नलला ती एकच हिशेब करत होती. जाळं कितीला वर काढलं असेल? आठला? म्हणजे आता दोन तास होत आले.

रीमा पालशेतकर कुत्र्या-मांजरांची डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात ती समुद्री कासवांबद्दल शिकून आली आणि तेव्हापासून अर्नाळ्यापासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर कुठे जखमी कासव लागलं की लोक तिलाच बोलावत. आजवर एकोणीस कासवं तिने हाताळली होती. त्यातली तीन समुद्रात परत गेली. बाकीच्यांचं तिने फक्त शवविच्छेदन केलं होतं. अंडी घेऊन आलेली मात्र एकही नव्हती.

श्रीपतकाका होळीतले जुने शेतकरी. खाडीकडची भातजमीन गेली, आता अळू, पालक आणि थोडा मोगरा एवढी वाडी उरली होती. वनखात्याने त्यांना भुईगावच्या किनाऱ्यावर कासवमित्र म्हणून नेमलं होतं. कोकणात खाली दक्षिणेला कासवांची घरटी डझनांनी सापडतात. इथे चार वर्षांत काकांना दोनच सापडली. एक भरतीने नेलं. दुसरं कुत्र्यांनी उकरून खाल्लं, तेही काका जेवायला घरी गेले होते तेवढ्या वेळात. त्यानंतर महिनाभर त्यांनी त्या किनाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

वाडीत शिरताच तिला कासवीण दिसली. अळवाच्या वाफ्याच्या कडेला, आंब्याच्या सावलीत, ओल्या गोणपाटावर ती पोटावर पसरली होती. हिरवट राखाडी, बदामासारख्या आकाराची पाठ, हातभराहून मोठी. पुढची दोन्ही वल्ही दोन बाजूंना सैल पडलेली. मान लांब झालेली, हनुवटी मातीला टेकलेली. गळ्याभोवती जाळ्याचा लालसर वळ. काकांच्या बायको जिजाकाकी शेजारी बसून तिच्या पाठीवर तांब्याने पाणी घालत होत्या.

"बाय, डोला उघडा हाय," जिजाकाकी म्हणाल्या. "मिटत नाय."

रॉबर्ट उभाच होता. पाचूबंदरचा, पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. गुडघ्यापर्यंत ओली पँट. त्याच्या डोलीत, म्हणजे खुंटांना बांधून भरतीच्या तोंडाशी लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, ती शिरली होती आणि तिला वर येऊन श्वास घेता आला नव्हता.

"जाळं कितीला काढलं?" रीमाने विचारलं.

"आठला पाच-धा मिन्टं कमी. डॉक्टर, गेल्या सालच्या मीटिंगमदी तुमीच सांगितला व्हता. कासव मेल्यावानी दिसला तरी पान्यात टाकू नका, चोवीस तास थांबा, जित्ता असू शकतो. सांगितला व्हता ना?"

"हो."

"म्हनून आनला."

तिला ती सभा आठवली. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं, मागे पंख्याचा खडखडाट. कासव बुडतं तेव्हा त्याचं शरीर सगळं काही जवळजवळ बंद करून टाकतं, हृदय मिनिटाला एकदा, कधी त्याहूनही कमी पडतं, आणि असं निपचित कासव काही तासांनी डोळे उघडू शकतं, असं ती मोठ्या उत्साहाने बोलली होती. तेव्हा कोणी प्रश्न विचारला नव्हता. बहुतेकांनी ऐकलंही नसेल, असं तिला वाटलं होतं.

"त्येच्या आधी एक कासव मी पान्यात टाकला व्हता," रॉबर्ट खाली बघत म्हणाला. "मेला समजून. तुमचा ऐकल्यापासून मना तो सारखा दिसतो."

रीमा गुडघ्यांवर बसली. मागच्या पायाच्या पुढे जो मऊ खळगा असतो त्यात तिने दोन बोटं घातली. आत गोल, एकाला एक लागलेली, बोटांखाली सरकणारी अंडी. शंभराच्या आसपास असावीत. ही एक-दोन दिवसांत कुठल्यातरी वाळूवर चढणार होती. कदाचित भुईगावच्याच.

तिने डोळ्याच्या बुबुळाला कापसाचं टोक लावलं. पापणी हलली नाही. शेपटी चिमटली. काही नाही.

"काय?" श्रीपतकाकांनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही."

तिने एका उलट्या क्रेटवर गोणपाट टाकून कासविणीचा मागचा भाग उंच केला. नाकातून फेसाळ पाणी गळायला लागलं. मग तिने जबड्यात लाकडाचा तुकडा अडकवला, जिभेच्या मागे श्वासनलिकेचं तोंड शोधलं आणि त्यात नळी सारली. नळीला रबरी फुगा जोडून तो रॉबर्टच्या हातात दिला.

"दर मिनिटाला एकदा दाबायचा. हळू. घड्याळ बघून. जमेल?"

"जमल."

तेवढ्यात वनरक्षक भूपेश मोटारसायकलवरून आला. तरुण, नीटनेटका, हातात फाइल. त्याने फोटो काढले, मापं घेतली आणि मग बाजूला जाऊन वरिष्ठांशी बोलला. परत आला तो रीमाकडे.

"मॅडम, परवानगी आहे. तुम्ही ती मेलीये असं लिहून दिलंत की अंडी काढू शकता. साहेब म्हणाले, निर्णय डॉक्टरांचा. फक्त जिवंत असताना हात लावायचा नाही, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर आहे, तुम्हाला माहितीच आहे."

म्हणजे सगळं तिच्या सहीवर आलं होतं.

मादीच्या पोटात असेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते. तिथे प्राणवायू नसतो म्हणून गर्भ जणू वाट बघत राहतो. वाळूत पडल्यावर त्याला हवा मिळते आणि तो पुढे वाढायला लागतो. पण मादीच मेली तर ती वाट बघणं किती वेळ चालतं, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. कुठे चार तास लिहिलं होतं, कुठे बारा, कुठे काहीच नाही. ज्यांनी शिबिर घेतलं होतं त्या आपल्या सरांना रीमाने फोन लावला. सर निवृत्त होऊन रत्नागिरीकडे राहत होते.

"कासव बेशुद्ध असेल तर चोवीस तास," सर म्हणाले.

"आणि अंडी?"

"अंडी एवढी थांबणार नाहीत."

"मग मी काय करू?"

"मी तिथे असतो तरी मला माहीत नसतं, रीमा," सर म्हणाले.

मांजरांचा रक्तदाब मोजायला ती एक छोटं डॉपलर यंत्र वापरायची. त्याची दांडी तिने कासविणीच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या खाचेत धरली. यंत्रातून फक्त खरखर येत होती. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने मनाशी एक नियम केला. साठ मिनिटं एकही ठोका आला नाही तर मेली असं समजायचं.

रॉबर्ट फुगा दाबत होता. जिजाकाकी पाणी घालत होत्या. श्रीपतकाका येरझाऱ्या घालत होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला खरखरीतून एक आवाज आला. ओल्या कापडावर हलकेच थाप मारावी तसा. एकदाच.

"आला!" रॉबर्ट ओरडला. "आयकलात ना? आला!"

रीमाने दांडी तशीच धरून ठेवली. दोन मिनिटं गेली, पाच गेली. पुन्हा काही नाही.

"तुमच्या बोटाचा ठोका असल, बाई," श्रीपतकाका म्हणाले.

"असू शकतं."

"मग?"

"मग मला पुन्हा साठ मिनिटं मोजावी लागतील."

काका तिच्यासमोर येऊन उकिडवे बसले. "बाई, एक जीव हाय का नाय ते ठावं नाय. आत शंभर हायत ते ठावं हाय. शंभर! मी चार सालं वालूत फिरतोय. तुमी बघताय ना मना? आता कापा."

"आणि ती जिवंत असली तर?"

"आनि नसली तर?"

"काका, मी जिवंत कासवाला कापणार नाही."

"तुमी कुनालाच वाचवनार नाय," काका म्हणाले आणि उठून गेले. थोड्या वेळाने त्यांच्या टेम्पोचा आवाज आला. जिजाकाकींनी मान खाली घातली. "त्यांचा मनाला लावून घेऊ नका, बाय," त्या म्हणाल्या. "दुसरा घरटा गेला तवा जेवत नव्हते."

दुसऱ्या वेळी तिने दांडी हातात न धरता चिकटपट्टीने चिकटवली, म्हणजे बोटाचा संशय नको. त्रेपन्नाव्या मिनिटाला पुन्हा काहीतरी आलं. या वेळी आवाज इतका पुसट होता की रॉबर्टने तिच्याकडे पाहिलं आणि तिने रॉबर्टकडे. "व्हता," तो म्हणाला. भूपेशला विचारलं तर तो म्हणाला, मला नाही ऐकू आलं. जिजाकाकी म्हणाल्या, आंब्यावर काहीतरी हललं होतं.

बारा वाजून गेले. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

एक वाजता काका परत आले. टेम्पोत ओल्या वाळूने भरलेल्या चार बालद्या होत्या. भुईगावला सुरूच्या झाडांच्या पुढे, भरतीच्या रेषेच्या वर, त्यांनी हातभर खोल खड्डा खणून ठेवला होता. कासवीण खणते तसा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी पसरट. भोवती कुंपणाची जाळीही ठोकून आले होते. बालद्या सावलीत ठेवून त्यांनी त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं आणि पाठ करून बसले.

जिजाकाकींनी पुढे केलेली भाकरी रीमाने बाजूला ठेवली. तिने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कासविणीला हळूहळू डोलवलं, फुफ्फुसातलं पाणी अजून निघेल म्हणून. तिने दोन इंजेक्शनं दिली. तिने तिचा डोळा पुन्हा पुन्हा ओला केला. प्रत्येक वेळी पापणीला हात लावताना तिला वाटायचं, या वेळी मिटेल. रॉबर्टची बोटं आखडली होती. भूपेश म्हणाला, द्या, मी दाबतो. रॉबर्टने दिला नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी साठ मिनिटं कधीच उलटून गेली होती. ठोका आला नव्हता. तिने फाइल मागून घेतली, पेन उघडलं आणि तसंच हातात धरून बसली.

"लिवा," काका पाठमोरेच म्हणाले.

"नाय," रॉबर्ट म्हणाला. "डॉक्टर, तुमीच चोवीस तास बोलला व्हता."

तिने पेन बंद केलं. आजवर तिने कितीतरी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मालकांना, आता पुरे, असं शांतपणे सांगितलं होतं. तो शांतपणा कुठून येत होता, तिला आठवेना. "अजून थोडा वेळ," ती म्हणाली आणि आपण हे कोणासाठी म्हणतोय हेही तिला कळलं नाही.

साडेतीनला तिने जबड्यातला लाकडाचा तुकडा काढून बघितला. जबडा मिटला नाही. दाबला तरी हलेना, ताठ झाला होता. मानही ताठ व्हायला लागली होती. बुबुळावर दुधासारखी साय आली होती.

तिने तीन वाजून चाळीस मिनिटं अशी वेळ लिहिली, खाली सही केली आणि भूपेशला कागद दिला. जाळं काढल्याला पावणेआठ तास झाले होते.

"रॉबर्ट," ती म्हणाली, "आता थांबा."

तो फुगा दाबतच राहिला. आणखी एकदा. आणखी एकदा. मग जिजाकाकींनी पुढे होऊन त्याच्या हातावर हात ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. काकांनी केळीची पानं धुऊन अंथरली. चौघांनी मिळून कासविणीला पाठीवर उलटी केली. रीमाने पोटाकडच्या कवचाच्या कडेने पातं फिरवलं. हाडाचा पूल जिथे कूर्चेला मिळतो तिथे जोर लावावा लागला, तिचा घाम पानांवर ठिबकत होता. कवच एखाद्या झाकणासारखं सुटून वर आलं.

आणि पुढच्या बाजूला, दोन खांद्यांच्या मध्ये, काळपट लाल हृदय एकदा आकसलं.

सगळ्यांनी पाहिलं.

रीमा पातं हातात धरून बसून राहिली. तिला ठाऊक होतं. कासवाचं हृदय मेंदू मेल्यावरही कितीतरी वेळ आपल्या आपण आकसत राहतं, हवा लागली तरी आकसतं. पुस्तकात वाचलं होतं, शिबिरात ऐकलं होतं. जबडा ताठ झाला होता, डोळे गेले होते, ती मेलीच होती. हे सगळं तिला ठाऊक होतं आणि त्याचा त्या क्षणी काडीचाही उपयोग होत नव्हता.

"जित्ती व्हती," रॉबर्ट म्हणाला.

"नाही. रॉबर्ट, ऐका, हे असं होतं, मेल्यावरसुद्धा..."

पण तो निघाला होता. फाटकापर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"बाई," श्रीपतकाका तिच्या कानाशी म्हणाले, "आता थांबू नका. हात थांबवू नका."

तिने हात थांबवले नाहीत. दोन लांब नळ्यांत अंडी होती, पांढरी, टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, कातड्यासारख्या मऊ कवचाची. ती एकेक सोडवून काकांकडे देत होती आणि काका प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपका काढून ते वाळूत ठेवत होते. वाटेत त्यांचं वर-खाली होऊ नये म्हणून. एकशे चार निघाली. दोन फुटली. एकशे दोन बालद्यांत बसली.

सूर्य पाण्याला टेकायच्या आत अंडी भुईगावला वाळूत गेली. काकांनी खड्डा बुजवला आणि वरून पंजाने थोपटला, बाळाला थोपटावं तसा. रीमा सुरूच्या झाडाला टेकून उभी होती. तिच्या कोपरापर्यंत रक्त वाळलं होतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी काका आणि एक दिवसाआड रीमा तिथे जात. रीमाने वाळूत एक तापमापकाची सळई पुरली होती, आकडा तीच वाचायची. तिने रॉबर्टला चार वेळा फोन केला. त्याने एकदाही उचलला नाही.

वाळू बत्तीस दाखवत होती, मग तेहतीस. मार्च संपता संपता काकांनी विचारलं, "वाडीतली हिरवी जाली आनू काय? वर सावली करू. मोगऱ्यावर टाकतो ना, तशी."

"नको," रीमा म्हणाली. "तेहतीस चालतं. गरम वाळूत माद्या होतात, थंड वाळूत नर. आपण उगाच ढवळाढवळ करायला नको. समुद्रावर कोण सावली घालतं?"

"भाजीला मी समजतो, कासवाला तुमी," काका म्हणाले आणि विषय तिथेच राहिला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उष्णतेची लाट आली. तीन दिवस रीमाला जायला जमलं नाही. दवाखान्यात उन्हाने तडफडणारी कुत्री एकामागून एक येत होती. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली आणि तापमापक वाचून खालीच बसली. छत्तीस अंश आणि वर आणखी काही. पस्तिसाच्या पुढे अंड्यातला गर्भ जगत नाही.

"काका, जाळी आणा," ती फोनवर ओरडली. "आत्ता! आणि विहिरीचं पाणी!"

काकांनी अर्ध्या तासात बांबू रोवले आणि हिरवी जाळी ताणली. दोघांनी मिळून भोवतालच्या वाळूवर झारीने पाणी शिंपडलं. संध्याकाळी चौतीस झालं, दुसऱ्या दिवशी तेहतीस. काकांनी एका शब्दाने तिला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पन्नास दिवस झाले. पंचावन्न झाले. घरट्यावर वाळू खचली नाही, एकही पिल्लू वर आलं नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी पहाट उजाडल्यावर भूपेश आला आणि रीमाने नियमाप्रमाणे घरटं उघडायला घेतलं.

वरची अंडी पिवळी पडलेली, काही कुजलेली. ती एकेक फोडून बघत होती आणि भूपेश कागदावर रेघा ओढत होता. पहिल्या वीसांत काहीच नव्हतं, फक्त आटलेला बलक. प्रत्येक अंड्याबरोबर तिला एकच गोष्ट ऐकू येत होती. पावणेआठ तास. पावणेआठ तास. एकविसावं फोडलं आणि ती थांबली.

आत एक पिल्लू होतं. बोटाच्या पेराएवढं. काळे डोळे, पाठीवर रेषा उमटलेल्या, पांढरी वल्ही पोटाशी घेतलेली. मेलेलं.

पुढचंही तसंच. त्यापुढचंही. तिने ती रांगेने वाळूवर मांडली आणि मोजमाप लावून पाहिली. सगळी जवळजवळ एकाच वयाची होती. साधारण पाच आठवड्यांची.

श्रीपतकाका तिच्याकडे बघत होते. "म्हंजे बाई, हे वाडलेले हायत. त्या दिसा आपन थांबलो, तरीबी हे वाडले."

"हो."

"म्हंजे तुमचा थांबना चुकला नाय."

"नाही. काका, हे उन्हाने गेले. त्या तीन दिवसांत. तुम्ही जाळी म्हणालात तेव्हा मी नको म्हटलं."

काकांनी त्या रांगेकडे पाहिलं. मग ते तिच्याशेजारी वाळूत बसले आणि त्यांनी स्वतःच पुढचं अंडं उचललं. "उरलेली बघा," ते म्हणाले.

अठ्ठावन्न अंड्यांत काहीच वाढलं नव्हतं. चाळीस पिल्लं मेलेली निघाली. अगदी तळाशी, जिथे वाळू गार आणि दमट होती, तिथे काकांच्या हाताला काहीतरी वळवळलं. चार पिल्लं, कवच फोडून अर्धवट बाहेर आलेली, वरच्या मेलेल्यांच्या थराखाली अडकलेली.

ऊन चढायच्या आत त्यांनी ती पाण्यापासून दहा पावलांवर ठेवली. एक लगेच निघालं. दोन जागच्या जागी गोल फिरली आणि मग लाटेच्या ओलीत शिरली. चौथं बराच वेळ पडून राहिलं. भूपेश उचलून पाण्यात सोडायला निघाला, तर काकांनी त्याचा दंड धरला. "त्येला चालू दे." ते पिल्लू पावणेदोन तासांनी पाण्यात गेलं, तोवर भूपेश बाजूला उभा राहून घारी हाकत होता.

हजारांतून एखादं मोठं होतं, असं म्हणतात. रीमाने ते कोणाला सांगितलं नाही. काकांना ते माहीत होतंच.

तिने त्याच दिवशी सरांना सगळं लिहून पाठवलं. मेलेल्या मादीच्या पोटातली अंडी पावणेआठ तासांनंतर काढून वाळूत घातली तरी त्यातली चव्वेचाळीस वाढली. वाळूचं तापमान, तारखा, सगळं. सरांचं लगेच उत्तर आलं की हे फार मोलाचं आहे, याची नोंद झाली पाहिजे. तिने ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

दुपारी ती पाचूबंदरला गेली. रॉबर्ट घराच्या ओट्यावर बसून डोलीचं फाटलेलं तोंड शिवत होता. त्याने तिला पाहिलं आणि सुई थांबवली नाही. बायकोला आतून खुर्ची आणायला सांगितली मात्र. रीमा खुर्चीवर न बसता पायरीवर बसली.

"आज घरटं उघडलं," ती म्हणाली. "चार गेली समुद्रात."

"शंभरातली चार?"

"एकशे दोनमधली."

तो धागा ओढत राहिला. तिने त्याला सगळं सांगितलं. मेल्यावर हृदय का आकसतं तेही सांगितलं. जाळीचं सांगितलं. श्रीपतकाका म्हणाले होते आणि तिने नको म्हटलं होतं, हेही.

"मना येक सांगा," रॉबर्ट शेवटी म्हणाला. "त्या दोन टायमाला जो आवाज आला. तो तिचा व्हता काय?"

"मला माहीत नाही."

"तुमाला काय वाटतं?"

"पहिला माझ्या बोटाचा असेल. दुसरा... दुसरा कदाचित तिचा असेल. आणि तिचा असला तरी ती परत आली असतीच असं नाही. मला खरंच माहीत नाही, रॉबर्ट."

त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. समोरच्या गल्लीत बायका बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या, त्यांच्याकडे तो बघत राहिला.

"पुडचा कासव घावला आनि त्याच्या पोटात अंडी असली," तो म्हणाला, "तर मी तुमाला फोन करू काय नको?"

"करा."

"आनि तुमी किती वेळ थांबाल?"

चार तास, सहा, आठ, असे आकडे तिच्या डोक्यात येऊन गेले.

"तुम्ही फोन करा," ती म्हणाली. "मी येईन."

रॉबर्टने मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसतीच, ते तिला कळलं नाही. त्याने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं आणि सुईत धागा ओवू लागला. धागा दोनदा हुकला. रीमाने हात पुढे केला तेव्हा त्याने सुई तिच्याकडे दिली.